फेयॉलचा घोडा आणि माळेगावचा बाजार

१८६१ साल. फ्रान्समधल्या कोमांत्री गावची कोळशाची खाण. खाणीत गाडे ओढणाऱ्या एका घोड्याचा पाय मोडला. तिथल्या तरुण इंजिनिअरनं दुसरा घोडा मागवायची चिठ्ठी लिहून तबेल्याकडे धाडली. तबेलेवाला म्हणाला, साहेबांची सही आणा. साहेब त्या दिवशी जागेवर नव्हते आणि आपल्या माघारी कोणी बघायचं, हे ठरवूनही गेले नव्हते. घोडे तबेल्यात उभे, चिठ्ठी हातात आणि खाणीतलं काम ठप्प.

इंजिनिअरनं ही गोष्ट वहीत टिपून ठेवली. सोबत त्यातून काढलेला धडाही : साहेब नसले तरी निर्णय घेणारं कोणीतरी कायम हजर पाहिजे. त्याचं नाव हेन्री फेयॉल. बारावी कॉमर्सला 'वाणिज्य संघटन व व्यवस्थापन' शिकलेल्या प्रत्येकाच्या ओळखीचं नाव. ज्याची चौदा तत्त्वं परीक्षेच्या आदल्या रात्री घोकली जातात, तोच हा.

नांदेड जिल्ह्यातल्या लोह्यातली मुलं ही तत्त्वं आधी बारावीला शिकतात, मग बी.कॉम. किंवा बीबीएला आणि पुढे एमबीएला पुन्हा. माझं म्हणणं एवढंच की ही तत्त्वं वर्गात जन्मली नाहीत. ती तबेल्यात, फावड्याच्या दांड्यावर, विटांच्या ढिगापाशी जन्मली. लोह्याच्या पोराला ती समजून घ्यायला लांब जावं लागत नाही. त्याच्या अवतीभवती मोंढा आहे, माळेगावची यात्रा आहे. म्हणून पुस्तकातल्या आणि घरच्या, दोन्हीकडच्या गमती इथे एकत्र मांडतो.

चौदाच का?

फेयॉलचा जन्म १८४१चा, तोही इस्तंबूलमधला. १८८८ साली तो त्याच खाण कंपनीचा प्रमुख झाला तेव्हा कंपनी बुडायच्या बेतात होती. पुढची तीस वर्षं त्यानं ती चालवली आणि निवृत्त झाला तेव्हा ती भक्कम होती. अनुभवाचं सार त्यानं प्रसिद्ध केलं ते १९१६ साली, म्हणजे वयाच्या पंचाहत्तरीत. इंग्रजी वाचणाऱ्या जगाच्या हाती ते खऱ्या अर्थानं पडलं १९४९च्या भाषांतरानं. तोवर फेयॉलला जाऊन चोवीस वर्षं झाली होती.

आणि चौदा हा आकडा? तो पक्का नाही, असं खुद्द फेयॉलनंच लिहून ठेवलंय. तत्त्वांच्या संख्येला मर्यादा नाही, गरजेप्रमाणे ती वाढतील, बदलतील, असं त्याचं मत होतं. आपण उत्तरपत्रिकेत बारा लिहिली की दोन गुण जातात, ती गोष्ट वेगळी. पण पंधरावं तत्त्व सुचलं तर ते जरूर वहीत लिहावं, फेयॉलची त्याला ना नव्हती.

तलाठी, ग्रामसेवक आणि मधली फळी

चौदांतलं माझं आवडतं तत्त्व 'साखळी'चं. हुकूम वरून खाली पायरी पायरीनं यावा, अहवाल खालून वर तसाच जावा. फेयॉलला त्यातली अडचणही माहीत होती. समजा, गावातल्या ग्रामसेवकाला तलाठ्याकडून एका गटाची माहिती हवी आहे. साखळी तंतोतंत पाळायची तर कागद ग्रामसेवकाकडून विस्तार अधिकाऱ्याकडे, तिथून गटविकास अधिकाऱ्याकडे, तिथून जिल्ह्याच्या वरिष्ठांमार्फत तहसीलदाराकडे, मग मंडळ अधिकाऱ्याकडे आणि शेवटी तलाठ्याकडे. उत्तर येणार त्याच वाटेनं उलटं. दोघांच्या खुर्च्या मात्र एकाच गावात.

यावर फेयॉलनं उपाय सांगितला तो फळीचा. नाल्यावर फळी टाकून पलीकडे जावं तसं बरोबरीच्या दोघांनी थेट बोलावं, मात्र दोघांच्या वरिष्ठांची त्याला परवानगी हवी आणि काय ठरलं ते त्यांना कळवायला हवं. पुस्तकात या आकृतीला अ, ब, क, ड अशी अक्षरं असतात. त्यांच्या जागी तलाठी, तहसीलदार, ग्रामसेवक घातले की आकृती पाठ करावी लागत नाही.

नांदेडच्या अलीकडे उतरायचं

बारावीनंतरच्या शिक्षणासाठी लोह्याहून नांदेडकडे निघालं की शहर लागायच्या आधी, गोदावरीच्या अलीकडेच विष्णुपुरी येते. तिथे विद्यापीठाचा ज्ञानतीर्थ परिसर आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं १७ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. पहिले कुलगुरू लातूरचे डॉ. जनार्दन वाघमारे. त्याआधी नांदेड-लातूरच्या पदवीवर औरंगाबादच्या विद्यापीठाचा शिक्का असे.

ज्यांचं नाव विद्यापीठाला दिलंय, ते स्वामीजी मूळचे व्यंकटेश खेडगीकर. संन्यास घेण्याआधी त्यांनी कामगार नेते ना. म. जोशी यांच्याबरोबर कामगार चळवळीत काम केलं होतं. व्यवस्थापन शिकणाऱ्या मुलांनी ही गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी असं मला वाटतं. कारण टेबलाच्या पलीकडे बसलेला माणूस काय मागतोय हे कळल्याशिवाय अलीकडच्याला कारखाना चालवता येत नाही.

नव्यानं प्रवेश घेणाऱ्यांसाठी एक कामाची माहिती : बीबीए, बीएमएस हे अभ्यासक्रम २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्यात त्यांच्यासाठी २०२४ पासून वेगळी सीईटी सुरू झाली. फक्त बारावीच्या टक्क्यांवर विसंबून राहायचे दिवस गेले.

टेनिसपटू टेलर

१८८१ साली तीन गोष्टी घडल्या. पुण्यात 'केसरी' निघाला. अमेरिकेत जोसेफ व्हार्टन या पोलाद आणि निकेलच्या उद्योगपतीनं एक लाख डॉलर देऊन तिथल्या एका विद्यापीठात व्यापारशिक्षणाची शाळा काढली, तीच आजची व्हार्टन. आणि फ्रेडरिक टेलर नावाच्या पंचविशीतल्या तरुणानं अमेरिकेच्या राष्ट्रीय टेनिस स्पर्धेत दुहेरीचं विजेतेपद मिळवलं. हाच टेलर पुढे 'शास्त्रीय व्यवस्थापना'चा जनक झाला. मौज पुढेच आहे. टेलरचे सगळ्यात गाजलेले प्रयोग ज्या बेथलेहेम पोलाद कारखान्यात झाले, त्याचा मोठा भागधारक हाच व्हार्टन होता.

टेलरनं तिथे फावड्याचा अभ्यास केला. मजूर आपापलं फावडं घरून आणत. त्याच फावड्यानं हलका कोळसा उचलला की वजन भरायचं साडेतीन पौंड आणि लोहखनिज उचललं की अडतीस. एवढ्यानं माणूस दमणार नाही तर काय? मोजून मोजून टेलर या निष्कर्षाला आला की फावड्यावर २१ पौंड, म्हणजे साधारण साडेनऊ किलो ओझं असलं तर दिवसभराचं काम सर्वांत जास्त होतं. मग हलक्या मालाला मोठं फावडं आणि जड मालाला लहान, असा फावड्यांचा साठा कारखान्यानंच ठेवला. ज्यानं कधी मळणीच्या राशीवर काम केलंय त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. सोयाबीन भरायचं घमेलं आणि माती भरायचं घमेलं आपण एक ठेवत नाही.

टेलरची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच कारखान्यात कच्च्या लोखंडाचे ठोकळे वाहणारा मजूर दिवसाला साडेबारा टन उचलत होता, तो साडेसत्तेचाळीस टनांवर नेला. मजुरी मात्र वाढली १ डॉलर १५ सेंटांवरून १ डॉलर ८५ सेंटांवर. काम जवळपास चौपट, पैसे दीडपटीच्या थोडे वर. सरकारी शस्त्र कारखान्यात टेलरच्या पद्धतीनं कामाचा वेळ मोजत घड्याळ घेऊन उभं राहणं सुरू झालं तेव्हा कामगारांनी १९११ साली संप केला आणि प्रकरण अमेरिकेच्या संसदेच्या चौकशीपर्यंत गेलं.

मोंढ्यातल्या हमालाला हा हिशेब कोणीही न सांगता कळतो. पाठीवरचं पोतं किती किलोचं, हमालीचा दर कोण ठरवणार, हात-पाय मोडला तर कोण बघणार, या प्रश्नांवर महाराष्ट्रात मोठे लढे झाले. त्यातूनच १९६९चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा आला. टेलरचा धडा शिकवताना हा कायदा त्याच तासाला शिकवला जावा असं मला मनापासून वाटतं. एकानं ओझं मोजलं, दुसऱ्यानं ते उचलणाऱ्याचा हक्क मोजला.

जाता जाता : टेलरच्या मते एका कामगारावर आठ मुकादम असावेत, प्रत्येकाचं काम वेगळं. फेयॉल म्हणाला, एका माणसाला एकच साहेब. दोघांची नावं एकाच प्रकरणात शेजारी शेजारी असतात, पण या मुद्द्यावर त्यांचं अजिबात पटत नव्हतं.

रुमालाखालची बोटं

आता माळेगाव. लोहा तालुक्यातल्या, नांदेड-लातूर रस्त्यावरच्या या गावात मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास खंडोबाची यात्रा भरते. देवस्वारी निघते, भंडारा उधळला जातो आणि माळरानावर काही दिवसांसाठी एक गाव उभं राहतं. घोडे, गाढवं, उंट, बैल, कुत्री. कुस्त्या, लावणी महोत्सव, पशुप्रदर्शन. नांदेड जिल्हा परिषद या यात्रेचं संयोजन करते.

१९३७ साली ल्यूथर गुलिक नावाच्या अमेरिकी अभ्यासकानं व्यवस्थापकाच्या सात कामांच्या आद्याक्षरांचा एक शब्द बनवला, 'पोस्डकॉर्ब'. नियोजन, संघटन, माणसं नेमणं, निर्देशन, समन्वय, अहवाल, अंदाजपत्रक. वर्गात हे सात शब्द कोरडे वाटतात. यात्रेत फिरताना मात्र एकेक डोळ्यांसमोर येतो. पाण्याचे टँकर कुठे लावायचे, जनावरांचे डॉक्टर कुठे बसवायचे, घोड्यांचा बाजार आणि पाळणे यांत किती अंतर ठेवायचं, एसटीच्या जादा गाड्या, दिवाबत्ती, पोलीस बंदोबस्त. यात्रा संपली की हे सगळं उचलायचं. कायम चालणारा कारखाना सांभाळण्यापेक्षा असं थोड्या दिवसांचं गाव सांभाळणं कितीतरी अवघड.

आणि सौदा कसा होतो तो जवळून बघण्यासारखा. विकणारा आणि घेणारा समोरासमोर उभे, दोघांचे हात एका रुमालाखाली. तोंडानं भाव निघत नाही. घेणारा समोरच्याची बोटं धरतो. किती बोटं धरली, कशी दाबली, त्यावर आकडा. शेकड्यांत बोलायचं की हजारांत, ते आधीच ठरलेलं. विकणारा मान हलवतो, हात झटकतो, पुन्हा रुमालाखाली घालतो. भोवती पंचवीस माणसं डोळे लावून उभी, पण भाव फक्त दोघांना ठाऊक. मधला दलाल दोघांना जवळ ओढतो, एकाच्या पाठीवर थाप, दुसऱ्याला चहाचा आग्रह.

वाटाघाटीचं हे कसब अव्वल आहेच. पण गुप्त भावाचा तोटाही आहे : बाजूला उभ्या शेतकऱ्याला बाजारभाव कळत नाही. म्हणून शेतमालाच्या बाबतीत कायद्यानं वेगळी वाट धरली. बाजार समितीच्या आवारात उघड लिलाव व्हावा, वजन सगळ्यांसमोर व्हावं, शेतकऱ्याला पट्टी मिळावी. या वाटेचं पहिलं पाऊलही मराठी मुलखातलंच. देशातला पहिला नियंत्रित बाजार मानला जातो तो १८८६चा, विदर्भातल्या कारंजा लाडचा कापूस बाजार. तेव्हा वऱ्हाड हैदराबाद रेसिडेन्सीच्या कारभाराखाली होतं. आपल्या निजामी मुलखात बाजाराचा कायदा आला १९३० साली. आजच्या बाजार समित्यांचा मूळ कायदा १९६३चा.

रुमालाखाली हात घालण्याआधी घेणारा जनावराचं तोंड उघडून बघतो. बैल अदत आहे, दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळलेला, यावरून वय. मग चाल बघतो, खूर बघतो, शेपटीला हात लावून बुजतो का ते बघतो. का? विकणाऱ्याला जनावराचे गुणदोष माहीत असतात आणि घेणाऱ्याला नसतात. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थतज्ज्ञानं नेमक्या या मुद्द्यावर निबंध लिहिला, फक्त उदाहरण घेतलं जुन्या मोटारींचं. तीन नामांकित नियतकालिकांनी तो परत पाठवला. १९७० साली तो एकदाचा छापून आला आणि २००१ साली त्यातल्या विचारासाठी त्यांना नोबेल मिळालं.

ब्रँड म्हणजे काय हेही याच बाजारात कळतं. शेजारच्या कंधारचं नाव लावणारी लाल कंधारी आणि लातूर जिल्ह्यातल्या देवणीची देवणी. देवणीत पुन्हा तीन रंगरूपं : तोंडावर काळेपणा असलेली वानेरा, पांढरीशुभ्र बालंक्या आणि काळ्या ठिपक्यांची शेवरा. जाणता शेतकरी लांबूनच ओळखतो आणि नाव उच्चारलं की भाव वर जातो. जाहिरातीचा फलक कुठेच नाही. पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेला वाण हीच तिथली खूण.

चार चुटके

गवंडी एक वीट लावायला १८ हालचाली करत. फ्रँक गिलब्रेथ या अमेरिकी बांधकाम कंत्राटदारानं त्या पाचवर आणल्या. मुख्य युक्ती साधी : विटा जमिनीवर न ठेवता कमरेइतक्या उंचीच्या फळीवर ठेवल्या. ताशी १२० विटांवरून गाडी ३५०वर गेली. त्याची बायको लिलियन त्याच्यापेक्षा काकणभर सरस. बारा मुलांची आई, मानसशास्त्रात डॉक्टरेट. पायानं झाकण उघडणारा कचऱ्याचा डबा आणि फ्रीजच्या दारातले कप्पे या सोयींचं श्रेय तिला दिलं जातं.

ग्रंथालयात दोघांचं खिडकीवरून वाजलं. एकाला उघडी हवी, दुसऱ्याला बंद. मेरी पार्कर फॉलेट ही अमेरिकी अभ्यासक सांगते, शेवटी शेजारच्या खोलीतली खिडकी उघडली. एकाला हवा मिळाली, दुसऱ्याच्या अंगावर वारा आला नाही. अर्धी खिडकी उघडली असती तर दोघंही कुरकुरत राहिले असते. बांधावरून भांडणाऱ्या भावांना सांगावी अशी गोष्ट.

शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून प्रयोग झाले. दिवे वाढवले, काम वाढलं. दिवे कमी केले तरी वाढलं. आपल्याकडे लक्ष दिलं जातंय म्हणून माणसं जास्त काम करतात, असं त्यावरून पिढ्यांना शिकवलं गेलं. २०११ साली लेविट आणि लिस्ट या दोन अर्थतज्ज्ञांनी हरवलेले मूळ आकडे शोधून पुन्हा तपासले, तर परिणाम सांगतात तितका ठळक निघाला नाही. पाठ्यपुस्तकातला परिच्छेदही तपासून बघता येतो, हे कळणं मला प्रयोगापेक्षा मोलाचं वाटतं.

१९१४ ते १९२८ या काळात ब्रिटिश आरमाराची मोठी जहाजं ६२ वरून २० वर आली. आरमाराच्या कचेरीतले अधिकारी मात्र २,००० वरून ३,५६९ झाले. पार्किन्सन नावाच्या ब्रिटिश अभ्यासकानं १९५५ साली हे दाखवून दिलं.

नांगर विकायला लागली दोन वर्षं

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा तो घ्यायला कोणी पुढे येईना. लोखंडानं जमिनीत विष कालवलं जाईल, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० साली कारखान्याची बातमीपत्रिका म्हणून 'किर्लोस्कर खबर' निघाली. तीच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाली आणि मराठी घराघरांत पोचली. मार्केटिंगच्या पुस्तकात परदेशी शीतपेयांच्या गोष्टी असतात. काळ्या मातीत राबणाऱ्याच्या मुलाला मात्र या नांगराची गोष्ट पहिल्या झटक्यात समजते, कारण नव्या बियाण्याला घरात पहिला नकार कोण देतं हे त्यानं पाहिलेलं असतं.

घरच्या गोष्टींतली आणखी एक : मुंबईचं सिडनहॅम कॉलेज १९१३चं, आशियातलं पहिलं वाणिज्य महाविद्यालय म्हणून ओळखलं जाणारं. तिथे १९१८ पासून दोन वर्षं अर्थशास्त्र शिकवायला कोण होतं? डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

आणि प्रवरानगरला तर प्राध्यापकानंच कारखाना चालवला. विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना गोळा करून सहकारी साखर कारखाना उभा केला आणि अध्यक्षपदी बसवलं पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांना. १९५०-५१चा पहिला हंगाम. ऊसवाल्यांच्या बैठकीला अर्थशास्त्राचा प्राध्यापक अध्यक्ष, असं दृश्य तेव्हा दुसरीकडे क्वचितच कुठे दिसलं असेल. पुढे हेच गाडगीळ नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले.

पाच लाख लिटर, दहा वाघिणी

शेवटचं उदाहरण सगळ्यांच्या आठवणीतलं. एप्रिल २०१६. लातूर कोरडं पडलेलं, नळाला पाणी नाही. राजस्थानातल्या कोटा इथल्या रेल्वे कार्यशाळेत टँकरच्या वाघिणी वाफेनं धुऊन काढल्या गेल्या. त्या मिरजेला आल्या, तिथे पाणी भरलं आणि सुमारे ३४० किलोमीटर धावून १२ एप्रिलला पहिली गाडी लातुरात पोचली. दहा वाघिणी, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर, म्हणजे पाच लाख लिटर. थोड्याच दिवसांत वाघिणी पन्नास झाल्या आणि एका फेरीला २५ लाख लिटर येऊ लागलं. या गाडीला 'जलदूत' म्हटलं गेलं.

नियोजनापासून नियंत्रणापर्यंतचं प्रत्येक प्रकरण या एका गाडीत सापडतं. मिरजेला भरायला किती वेळ लागतो, लातुरात उतरवायला किती, मधे रूळ कधी मोकळा मिळतो, उतरवलेलं पाणी शुद्ध करून टाकीत कसं चढवायचं आणि तिथून कोणत्या गल्लीला किती दिवसांआड सोडायचं. यातला सगळ्यात सावकाश होणारा टप्पा कोणता, त्यावर सगळ्या साखळीचा वेग ठरतो. पन्नास वाघिणी आणल्या पण उतरवायची सोय दहांचीच असली, तर चाळीस नुसत्या उभ्या राहणार. शिवाय गाडी येताना भरलेली, जाताना रिकामी. एका लिटरचा खर्च काढताना ती रिकामी फेरी कुठे धरायची, पाण्यात, रेल्वेच्या भाड्यात की दुष्काळ निवारणात? विष्णुपुरीत किंवा लातूरच्या उपकेंद्रात प्रकल्प अहवालाला विषय शोधणाऱ्यांनी हा घ्यावा. त्या उन्हाळ्यात घागरी घेऊन रांगेत उभी राहिलेली माणसं अजून लातुरात आहेत आणि विचारलं तर सांगतात.